मधले नाव नसलेला नर

लहान मुलांच्या पुस्तकांत मधमाशांचे घर म्हणून जे चित्र हमखास काढलेले असते, ते घर महाराष्ट्रातल्या मुलाने सहसा कधी पाहिलेलेच नसते. पिवळ्या रंगाचा, वळ्यावळ्यांचा एक घुमट, त्याला खालच्या बाजूस गोल दार आणि दाराशी गालांत हसणारी गुबगुबीत माशी, असा तो सगळा थाट असतो. युरोपात पूर्वी मधमाशा पाळण्यासाठी वाळल्या गवताच्या वेण्या गुंडाळून ज्या टोपल्या करत आणि उपड्या ठेवत, त्यांचे हे चित्र. त्या टोपल्या तिकडेही केव्हाच मागे पडल्या, कारण त्यांतला मध काढायचा म्हणजे बहुधा आतली पोळी मोडावी लागत. पण चित्रातून चित्र काढण्याच्या पद्धतीमुळे टोपली मात्र आमच्या बालवाड्यांच्या भिंतींपर्यंत येऊन पोहोचली. आणि जिच्या भिंतीवर ती रंगवलेली असते, त्याच इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीखाली काळेभोर आग्या मोहोळ लोंबत असते, ज्याच्याकडे बोट दाखवून मुलांना एवढेच सांगितले जाते की तिकडे जायचे नाही.

मी सातारा जिल्ह्यात, वाईहून पाचगणीच्या घाटाला लागण्याआधीच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. मधमाशीचा विषय तिसरीच्या वर्गात काढला की माझा पहिला तास काहीही न शिकवण्यात जातो. मधमाशा कुठे कुठे पाहिल्या, एवढाच प्रश्न मी विचारते आणि फळ्यावर चार रकाने आखून ठेवते, पण त्यांना नावे देत नाही. टाकीखाली, कड्याला, मोठ्या वडाच्या आडव्या फांदीला पाहिल्या असे कोणी म्हणाले की ते पहिल्या रकान्यात. कुंपणाच्या झुडपात, डाळिंबाच्या झाडात हाताच्या पंजाएवढे पोळे होते, ते दुसऱ्यात. आंब्याच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, आजीच्या जुन्या पेटाऱ्यात सापडल्या, त्या तिसऱ्यात. आणि शाळेच्याच भिंतीच्या फटीतून जी बारीक काळी नळी बाहेर आलेली आहे आणि जिच्या तोंडाशी चिलटाएवढ्या माशा घोटाळत असतात, त्या खरोखर मधमाशाच का, असा वाद घालणारे एखादे मूल दर वर्षी निघतेच, तेव्हा चौथा रकाना भरतो. मग मी वर नावे लिहिते: आग्या, फुलोरी, सातेरी आणि पोया. आपल्या गावात चार प्रकारच्या मधमाशा आहेत आणि त्या आपण आधीच शोधून ठेवलेल्या आहेत, हे कळल्यावर वर्गाची बसण्याची पद्धतच बदलते.

या चौघींत पोया जरा वेगळ्या गटातली. तिला डंख मारता येत नाही. आग्या आणि फुलोरी या दोघी उघड्यावर एकच पोळे बांधतात. फुलोरीचे पोळे तळहातात मावेल एवढे, तर आग्याचे दोन हात पसरले तरी कधी कधी न मावणारे. सातेरी मात्र अंधारात, पोकळीच्या आत, एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी लावते, आणि तिच्या याच सवयीमुळे माणसाला ती लाकडी पेटीत ठेवता आली. पेटी म्हणजे शेवटी ढोलीच, फक्त झाकण उघडणारी. महाबळेश्वरच्या परिसरातले मधपाळ जिच्या जिवावर उभे आहेत ती हीच सातेरी. एपिस मेलिफेरा या पाचव्या, बाहेरून आणलेल्या माशीचा उल्लेख मी ओझरता करते, पण एका कारणासाठी तो करावाच लागतो. पुस्तकांत आणि इंटरनेटवर मधमाशीच्या जीवनचक्राचे जे दिवस दिलेले असतात, म्हणजे राणी सोळा दिवसांत, कामकरी माशी एकवीस दिवसांत आणि नर चोवीस दिवसांत, ते या युरोपीय माशीचे आहेत. सातेरीची कामकरी माशी एकोणीस-वीस दिवसांतच पोळ्यातून बाहेर पडते. फरक एक-दोन दिवसांचा आहे आणि आठ वर्षांच्या मुलाने तो पाठ करावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु ज्या गोष्टीचे मोजमाप आपल्याच ढोलीत करता येण्यासारखे आहे तिचे आकडे परगावाहून आणू नयेत, एवढे मला वाटते.

जीवनचक्र शिकवण्याची रूढ रीत म्हणजे गोलात चार चित्रे आणि त्यांना जोडणारे बाण: अंडे, अळी, कोश, माशी. हे चित्र चुकीचे नाही, पण त्यात काळच नाही. बाणावरून नजर फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच अंड्याची माशी होते असे मुलांना वाटते. म्हणून मी वर्गाच्या भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी चिकटवते, तिच्यावर वीस चौकोन असतात आणि रोज सकाळी परिपाठानंतर एक चौकोन रंगवला जातो. पहिले तीन दिवस काहीच घडत नाही. पोळ्यातल्या एका खोलीच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरे अंडे आहे, बस. मुले कंटाळतात, आणि तो कंटाळा मी मुद्दाम होऊ देते, कारण चौथ्या दिवशी अळी निघाल्यावर पुढे जी घाई सुरू होते ती त्या कंटाळ्याशिवाय कळत नाही. अळीला डोळे नाहीत, पाय नाहीत. ती अर्धगोल वळून अन्नात पडलेली असते आणि दाई माशा तिच्या खोलीत पुन्हा पुन्हा डोके घालून तिला भरवत राहतात. पाच-सहा दिवसांत ती अख्खी खोली व्यापून टाकते. मग मेणाचे झाकण बसते आणि पट्टीवरचा सगळ्यांत मोठा टप्पा सुरू होतो, ज्यात बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

अळीविषयी एक गोष्ट मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते आणि तिच्यानंतर वर्ग आवरायला थोडा वेळ लागतो. अळी खाते, खाते आणि खातच राहते, पण तिच्या पोटाचा मागचा मार्ग वाढीच्या अखेरीपर्यंत बंदच असतो. म्हणजे त्या सगळ्या दिवसांत ती शी करत नाही. अन्नातच लोळणाऱ्या जिवाने अन्न घाण करू नये याची याहून चांगली व्यवस्था मला तरी माहीत नाही. खाणे संपल्यावर तो मार्ग उघडतो, एकदाच काय ते उरकले जाते आणि अळी रेशमाचा कोश विणायला घेते. मोठ्या माशासुद्धा पोळ्यात घाण करत नाहीत, त्यासाठी बाहेर उडून जातात. हा भाग अभ्यासक्रमात नसतो, आणि वर्षानंतर मुलांना विचारले तर नेमका हाच भाग त्यांना आठवतो.

झाकणाआडच्या दिवसांसाठी मला मदत झाली ती महाबळेश्वरकडच्या एका मधपाळांनी दिलेल्या जुन्या चौकटीची. पेटीच्या पिलावाच्या, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या भागातले, पुष्कळ वापरून टाकून दिलेले पोळे होते ते. ते हातात आल्यावर मुलांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते, कारण पोळे पिवळे नसते, त्यातून मध गळत नसतो. ते कोळशासारखे काळपट आणि हलके असते. तो काळेपणा कुठून आला हे विचारत विचारत जावे लागते. त्या प्रत्येक खोलीत एकामागून एक कितीतरी अळ्यांनी कोश विणले, माशा बाहेर पडल्या, पण रेशमाचे अस्तर आतच राहिले; अस्तरावर अस्तर चढून खोली काळी आणि किंचित अरुंद होत गेली. त्या चौकटीच्या कडेला काही खोल्या अंमळ मोठ्या आहेत आणि त्यांतल्या एक-दोन खोल्यांवर जुनी टोपणे तशीच राहिली आहेत, प्रत्येकीच्या मधोमध टाचणीने पाडल्यासारखे एक भोक. ते भोक म्हणजे सातेरीच्या नराच्या कोशाची खूण. आणि पोळ्याच्या खालच्या काठाला एक तुटका अवशेष आहे, उलटा लोंबणारा, भुईमुगाच्या शेंगेच्या टोकासारखा. तिथे कधी काळी एक राणी वाढली होती.

याच चौकटीवर करायचा एक खेळ आहे आणि तो मी कोणत्याही शिक्षकाला आग्रहाने सुचवीन. एका खोलीचा तळ उजेडाकडे धरून नीट पाहिला की तो सपाट नाही, तीन तिरप्या तुकड्यांचा बनलेला आहे, असे दिसते. त्या तीन तुकड्यांत एकेक टाचणी टोचायची आणि मग पोळे उलटे करायचे. तिन्ही टाचण्या मागच्या बाजूच्या तीन वेगवेगळ्या खोल्यांत निघालेल्या असतात. एका खोलीचा तळ म्हणजे पाठीमागच्या तीन खोल्यांच्या तळांचे तुकडे. षट्कोनाचे कौतुक सगळेच सांगतात, फरशीवर षट्कोन मांडूनही दाखवतात; पण हा तळ मुलांनी स्वतः टाचणीने शोधला की वर्गात जी शांतता पसरते ती मला एरवी गोष्टीच्या तासालाही मिळत नाही.

झाकणाच्या आत काय चालते ते पट्टीवर आम्ही शब्दांत लिहितो. पांढऱ्या कोशावस्थेला हळूहळू माशीचा आकार येतो; डोळे आधी पांढरे, मग गुलाबी, मग जांभळट, मग काळे. सकाळी वर्गात आल्या आल्या एखादी मुलगी जाहीर करते की आज डोळे गुलाबी झाले असणार, आणि तेवढ्यापुरता त्या कागदी पट्टीच्या मागे खरा जीव असतो. शेवटच्या दिवशी माशी आतून स्वतःच झाकण कुरतडते. बाहेर येते तेव्हा ती फिकट, लवदार, मऊ असते, आणि तिला धड डंखही मारता येत नसतो. तिचे पहिले काम काय असेल, असे विचारले की उड्डाण, फूल, मध अशी उत्तरे येतात. पहिले काम असते खोल्या झाडून पुसून ठेवण्याचे.

मग कामे बदलत जातात. आधी सफाई, मग अळ्यांना भरवणे, मग पोटाखालच्या ग्रंथींतून मेण पाझरू लागले की बांधकाम, आलेला मकरंद उतरवून घेणे, पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवणे, मग दारावर पहारा, आणि आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, साधारण तीन आठवड्यांची झाल्यावर, फुलांवर. आपण फुलावर जी मधमाशी पाहतो ती म्हणजे वयस्कर बाई असते. भर हंगामात कामकरी माशीचे सगळे आयुष्य दीड महिन्याच्या आसपासचे, आणि त्यातला सर्वांत धोक्याचा काळ तिच्या म्हातारपणी येतो: ऊन, वारा, कोळी, पक्षी, फवारणी, सगळे याच काळात. माणसांत तरुण घराबाहेर पडतात आणि वडीलधारी घर सांभाळतात. मोहोळाने हे अगदी उलटे ठरवले आहे. ज्यांचे थोडेच दिवस उरले आहेत त्यांनी बाहेरचा धोका पत्करायचा, हा हिशेब एकदा उलगडला की मुले त्याला क्रूर म्हणत नाहीत. मोठ्यांना तो सांगताना मात्र मी आवाज खाली आणते, हे माझ्या लक्षात आले आहे.

इथेच माझा मुख्य आक्षेप येतो. मधमाशी आमच्याकडे सुविचारासाठी वापरली जाते. ती उद्योगी, शिस्तप्रिय, आज्ञाधारक, दुसऱ्यांसाठी झिजणारी. तेव्हा मुलांनो, तुम्हीही तसेच व्हा. हे ऐकून मूल मधमाशीकडे पाहायचे थांबते, कारण तिच्याकडून काय घ्यायचे ते आधीच ठरून गेलेले असते. शिवाय हे फारसे खरेही नाही. मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने एका खुणेच्या माशीवर पावणेदोनशे तासांच्या आसपास नजर ठेवली आणि १९५२ मध्ये तिच्या दिनक्रमाचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यातला सुमारे चाळीस टक्के वेळ ती काहीही न करता बसली होती, आणि पुष्कळसा वेळ पोळ्यावर नुसती हिंडत होती. हे हिंडणे फुकट नसते. कुठे काय कमी आहे ते तिला त्यातूनच कळते. पण सुविचाराच्या फलकावर हे कोणी लिहीत नाही. मी वर्गात सांगितले तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलाचा चेहरा असा काही उजळला, की गृहपाठ न केल्याबद्दल त्याला त्या दिवशी काही बोलणे मला जमले नाही.

राणीचेही तसेच. चित्रात तिच्या डोक्यावर मुकुट असतो, म्हणून ती हुकूम देते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तिचे काम अंडी घालणे, दिवसाला शेकड्यांनी. कोणत्या खोलीत कोणते अंडे जाईल हेसुद्धा खोलीच्या मापावरून ठरते, आणि ती मापे कामकरी माशांनी घातलेली असतात. राणी होणारी अळी आणि कामकरी होणारी अळी या जन्मतः सारख्याच असतात; एकीला अखेरपर्यंत भरपूर राजान्न मिळते आणि दुसरीला काही दिवसांनी साध्या अन्नावर आणले जाते, एवढ्यावरून दोघींची शरीरे, आयुष्ये, सगळे वेगळे होते. म्हणजे कुणीही राणी होऊ शकते का, असा प्रश्न यावर येतोच. हो, कुणीही, पण ते तिने स्वतः ठरवायचे नसते, आणि तीन दिवसांच्या आत ठरते.

मोहोळ फुटते तेव्हा काय होते हे मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे, तरी एका मुलीने ते ज्या शब्दांत परत सांगितले तसे मला सुचले नव्हते. मोहोळात गर्दी झाली की नव्या राण्यांसाठी खोल्या बांधल्या जातात आणि त्यांतली पहिली राणी बाहेर येण्याआधी जुनी राणी निम्म्याअर्ध्या माशा घेऊन घर सोडते. भरलेले, बांधलेले, साठा असलेले घर लेकीला राहते आणि आई उघड्यावर, झाडाच्या फांदीला घोस करून, नवीन जागेच्या शोधात. "बाई, आपल्याकडं लेक जाती, त्यांच्यात आई जाती," असे ती म्हणाली. त्यानंतरचा भाग मला सांगावा लागला: पहिली बाहेर आलेली नवी राणी बहुतेक वेळा बाकीच्या बहिणींना त्यांच्या खोल्यांतच डंख मारून ठार करते. राणीला डंख असतो तो याचसाठी. तो माणसावर ती सहसा वापरत नाही. हा भाग गाळावा असे एका सहकारी बाईंचे मत होते. मला पटले नाही. ज्या मुलांनी घरी कोंबडीला कमजोर पिल्लाला टोचताना पाहिले आहे आणि गोठ्यात वासरू दगावलेले पाहिले आहे, त्यांच्यासाठी निसर्गाची साफसूफ करून ठेवलेली आवृत्ती काढण्याची गरज कुणाला असते, तर ती शिकवणाऱ्याला.

नरांचा विषय आला की वर्गातला बहुतेक वेळ तेच खाऊन टाकतात. नराला डंख नाही, मकरंद गोळा करायची सोय नाही, मेणाच्या ग्रंथी नाहीत. आहेत ते प्रचंड डोळे, उंच आकाशात उडणारी राणी दिसावी म्हणून. आळशी म्हणून त्याला हिणवण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. त्याचे शरीर एका कामासाठी घडले आहे आणि ते काम करताना तो मरतो. राणी तारुण्यात एकदा किंवा काही वेळा बाहेर उडते, अनेक नरांशी तिचा संग होतो आणि तेवढ्यावर ती आयुष्यभर अंडी घालते. हे आठ वर्षांच्या मुलांना कसे सांगायचे, असे शहरातले पालक मला विचारतात. आमच्याकडच्या मुलांना शेळी फळणे ठाऊक असते. लाज वाटते ती वर्गाच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्यांना. टंचाईचे दिवस आले की उरलेल्या नरांना कामकरी माशा दाराबाहेर ओढून काढतात, आणि बाहेर ते उपाशी मरतात. हेही मी सांगते.

पण मुलांना खरे अडकवून ठेवते ते वेगळेच. राणी ज्या अंड्याला नराचे बीज देते त्यातून मादी निघते. जे अंडे बीजाशिवाय घालते त्यातून नर. याचा अर्थ नराला बाप नसतो. यान जेर्झोन या मध्य युरोपातल्या सायलेशिया प्रांताच्या मधमाशीपालक धर्मगुरूने हे १८४५ मध्ये मांडले तेव्हा विद्वानांनीही ते सहज मान्य केले नव्हते, मग तिसरीचा वर्ग कसा करील? वर्गात गोंधळ माजला आणि त्या गोंधळातून एक आवाज आला: "बाई, मग त्याचं मधलं नाव काय लावायचं?" हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावात वडिलांचे नाव मधोमध लिहिलेले असताना हा प्रश्न अगदी रास्त होता. आईचे लावू, असे कोणीतरी सुचवले. पण आईलाच नाव नाही. मग मी विचारले, नराला बाप नाही, पण त्याला आजोबा असतील का? यावर दोन तट पडले आणि फळ्यावर वंशावळ काढावी लागली. नराला फक्त आई. पण त्याची आई मादी, म्हणजे तिला आई आणि बाप दोन्ही. म्हणजे बाप नसलेल्या नराला आजोबा आहेत. मागच्या पिढ्या मोजत गेले तर एक, दोन, तीन, पाच, आठ अशी रांग लागते, मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. इटलीचा गणिती फिबोनाची याचे नाव तिला चिकटले असले, तरी छंदशास्त्रातल्या लघुगुरूंच्या मांडणीसाठी आचार्य हेमचंद्रांनी ती बाराव्या शतकात, त्याच्या काही दशके आधी, मांडली होती. तिसरीला एवढे पुरे. चौथीचा वर्ग ती रांग फळा संपेपर्यंत नेतो.

डंखाविषयी शिकवताना दोन्ही टोके टाळावी लागतात. मधमाशा काही करत नाहीत, हे म्हणणे आग्याच्या मुलखात धोक्याचे आहे. गडकिल्ल्यांवर पर्यटकांवर आग्या माशांनी हल्ला केल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांच्या मागे पुष्कळदा कोणीतरी केलेला धूर किंवा मारलेला दगड असतो. माझे नियम थोडे आहेत आणि ते मुले पाठ करतात: मोहोळाखाली धूर नाही, दगड नाही, आरडाओरडा नाही, माशा उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून सरळ पळायचे आणि बंद खोलीत शिरायचे, पाण्यात उडी मारायची नाही. काटा रुतला तर नखाने चटकन खरवडून काढायचा, कारण तो जितका वेळ राहील तितके विष आत जाते. अनेक डंख झाले, धाप लागली किंवा अंगावर गांधी उठल्या, तर मोठ्या माणसांनी ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि एक गंमतही सांगते: डंख मारलेल्या जागेवरून इतर माशांना बोलावणारा जो वास सुटतो, त्यातला मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो. तेव्हापासून सहलीच्या डब्यातून केळी आपोआप वगळली गेली. केळे खाल्ल्याने माशा येतात असे मी म्हटले नव्हते, पण मी तो गैरसमज दूर करण्याची घाईही केली नाही.

फुले कुठे आहेत हे माशी इतर माशांना नाचून सांगते, तो नाचाचा भाग मी मैदानावर घेते. कार्ल फॉन फ्रिश यांना मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हे सांगून फारसे काही होत नाही. गुळाचा खडा लपवून एका मुलाला नाचायला लावले की होते. सातेरी अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते, त्यामुळे तिला सूर्याची दिशा म्हणजे वर असे मानून कोन करावा लागतो, आणि हे रूपांतर लहान मुलांना जड जाते. फुलोरी मात्र आपल्या पोळ्याच्या फांदीवरच्या सपाट माथ्यावर, उघड्या आकाशाखाली नाचते आणि फुलांच्या दिशेकडे सरळ तोंड करते. मैदानावर मुले आपोआप फुलोरी होतात.

मध मी शेवटी आणते. सुरुवातीलाच बाटली टेबलावर ठेवली की पुढचे सगळे जीवनचक्र त्या बाटलीचा कारखाना होऊन बसते. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील-आजोबा मोहोळ झाडून मध आणतात, आणि पोळे पिळताना त्यातल्या पांढऱ्या अळ्याही पिळल्या जातात हे मुलांनी पाहिलेले असते. पट्टीवर वीस दिवस घालवल्यानंतर त्या अळ्या कोण आहेत हे त्यांना माहीत असते. मी यावर काही बोलत नाही, कारण घरी जाऊन बापाला जाब विचारायला लावणे हे माझे काम नाही. पेटीतली पद्धत कशी चालते तेवढे दाखवते: मध वरच्या कोठीत, पिलावा खालच्या, मधाच्या चौकटी यंत्रात फिरवून रिकामी पोळी माशांना परत. महाबळेश्वरजवळच्या मांघर या गावाला २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर केले गेले, आणि आमच्या मुलांतल्या काहींचे मामा-मावशी त्याच बाजूचे, त्यामुळे मांघर त्यांना पुस्तकातले वाटत नाही. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध, असे वेगवेगळे मध असतात हे ती मला सांगतात. पावसाळ्यात फुले नसताना मधपाळ माशांना साखरेचा पाक देतात, असे मी सांगितले तेव्हा एक संशयी सूर निघाला: मग तो मध साखरेचाच झाला की. मी उत्तर दिले की पाक असतो माशांना पावसाळा काढण्यासाठी, आणि विक्रीचा मध काढायचा तो फुलोऱ्याच्या दिवसांत. चांगला मधपाळ हे दोन्ही वेगळे ठेवतो. सगळेच ठेवतात का, या पुढच्या प्रश्नाला मी नाही असे म्हटले.

नियोजनात हा घटक कोणत्याही महिन्यात येऊ शकतो, पण मी तो थंडीच्या अखेरीस, फेब्रुवारीच्या आसपास घेते. तेव्हा रानात फुले असतात, सातेरीच्या पेट्यांत नव्या राण्यांच्या खोल्या बांधल्या जाण्याचा तो काळ असतो, आणि टाकीखालचे आग्या मोहोळ भरलेले असते. वर्गाच्या खिडकीतून, सुरक्षित अंतरावरून, त्याच्या पृष्ठभागावर गांधीलमाशी जवळ आली की उठणारी लाट दिसते, शेकडो माशांनी एकामागून एक पोट उचलून केलेली. जूनमध्ये शाळा उघडते तोवर आग्या बहुधा निघून गेलेल्या असतात आणि टाकीला नुसती मेणाची काळी रेघ उरते. पोयाची नळी मात्र बारा महिने जागेवर असते, म्हणून ज्या शिक्षकांना या विषयात पहिल्यांदाच हात घालायचा आहे त्यांनी सुरुवात तिच्यापासून करावी. ती डंख मारत नाही, आणि तिच्यासमोर अख्खा वर्ग दाटीवाटीने उभा राहिला तरी तिचे काम थांबत नाही.